थोरल्याचे बांधलेले हात

शेजारी देश हळूहळू एकत्र कसे येतात, याचं एक ठरीव चित्र अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत असतं. आधी मुक्त व्यापार क्षेत्र, म्हणजे आपसातलं आयातशुल्क काढून टाकायचं. मग सीमाशुल्क संघ, म्हणजे बाहेरून येणाऱ्या मालावर सगळ्यांचा एकच दर. पुढे सामायिक बाजारपेठ, त्यात मालाबरोबर माणसं, भांडवल आणि सेवाही मोकळ्या. त्यानंतर एक चलन, आणि सगळ्यात वर राजकीय संघ. शिडीच ती. एक पायरी चढली की पुढची आपोआप पायाखाली येते, असा समज. प्रत्यक्षात खालच्या पायऱ्यांवर वर्षानुवर्षं ठाण मांडून बसलेले गट जगात पुष्कळ आहेत आणि वरपर्यंत पोचण्याच्या जवळपास गेलेला जेमतेम एक. पायऱ्यांचा क्रम पुस्तकात बरोबरच दिलेला आहे, चढायला बळ कुठून येतं हे मात्र त्यात नाही.

माझं मत असं की दोन गोष्टींवर सगळं ठरतं. गटातला सगळ्यात मोठा देश स्वतःचे हात बांधून घ्यायला तयार आहे का, ही पहिली. आणि ती गाठ सोडण्याचा अधिकार त्याच्याकडेच तर राहिलेला नाही ना, ही दुसरी. व्यापार किती वाढेल, संस्कृती किती जुळते, नेत्यांची गळाभेट किती घट्ट, हे सगळं नंतरचं. लहान देशाला थोरल्या शेजाऱ्याबरोबर संसार थाटताना भीती असते ती गिळलं जाण्याची, आणि कुठलाही व्यापारी फायदा ती भीती घालवू शकत नाही.

युरोपची सुरुवात या नजरेने पुन्हा पाहायला हवी. ९ मे १९५० रोजी फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रोबेर शुमान यांनी पॅरिसमध्ये पत्रकारांपुढे एक निवेदन वाचलं. मसुदा मुख्यतः फ्रान्सचे नियोजनप्रमुख झाँ मोने यांचा. प्रस्ताव दिसायला मर्यादित होता. फ्रान्स आणि पश्चिम जर्मनीचं कोळसा-पोलाद उत्पादन एका सामायिक उच्च प्राधिकरणाखाली ठेवायचं, इतर देशांना हवं तर त्यांनीही यावं. युरोप एका फटक्यात उभा राहणार नाही, आधी ठोस कामं करून प्रत्यक्षातली एकजूट निर्माण करावी लागेल, हे त्यातच म्हटलेलं होतं. ज्या कोळशा-पोलादातून तोफा घडल्या, नेमका तोच माल निवडला होता. हेतू उघड होता: पुन्हा युद्ध करायचं कुणाच्या मनात आलं तरी साहित्य एकट्याच्या ताब्यात असू नये.

पुढच्या वर्षी, १८ एप्रिल १९५१ रोजी, सहा देशांनी करारावर सह्या केल्या: फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग. त्या करारातली बारीकसारीक कलमं मला त्या निवेदनापेक्षा जास्त बोलकी वाटतात. उच्च प्राधिकरणाला कोळसा-पोलाद कंपन्यांकडून थेट कर वसूल करता येत होता, उत्पादनाच्या मूल्याच्या १ टक्क्यापर्यंत. सरकारांच्या तिजोरीला वळसा घालून. बेल्जियमच्या खाणी जुन्या, खोल आणि तोट्यातल्या होत्या. बाजार मोकळा झाला की त्या पहिल्या झपाट्यात बंद पडणार हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. म्हणून स्वस्तात कोळसा काढणाऱ्या जर्मन आणि डच खाणींवर पट्टी बसवून तो पैसा काही वर्षं बेल्जियमच्या कोळशाला सावरायला वापरायचं ठरलं. इटलीच्या पोलाद कारखान्यांना जकातीचं संरक्षण पाच वर्षं ठेवू दिलं. ज्यांची नोकरी जाईल त्या कामगारांना नवं काम शिकवण्यासाठी पैसे बाजूला काढले. नुकसान कुणाचं होणार हे आधीच ताडून त्याची भरपाई करारात लिहिलेली होती.

इथे कुणी म्हणेल, जर्मनीने मोठेपणा दाखवला वगैरे गोष्टी नकोत; तो देश हरलेला होता. खरं आहे. जर्मनीच्या कोळसा-पोलादाचं आगर असलेल्या ऱ्हूरच्या खोऱ्यावर १९४९ पासून एक आंतरराष्ट्रीय प्राधिकरण बसवलेलं होतं आणि त्यात जर्मनीच्या शब्दाला फारशी किंमत नव्हती. म्हणजे त्याचे हात आधीच बांधलेले होते. शुमान यांनी केलं ते इतकंच की त्याच दोरीचं दुसरं टोक फ्रान्सच्या मनगटाला बांधलं. जेता आणि पराभूत एकाच नियमाखाली आले. चॅन्सेलर आडेनॉअर यांनी हो म्हणायला वेळ लावला नाही, कारण एकट्याने बांधलेलं राहण्यापेक्षा बरोबरीने बांधलेलं राहणं कितीतरी बरं.

हाच हिशेब नंतरच्या मतांच्या वाटणीतही दिसतो. १९५८ मध्ये युरोपीय आर्थिक समुदाय सुरू झाला तेव्हा मंत्रिपरिषदेत फ्रान्स, जर्मनी आणि इटली यांना प्रत्येकी ४ मतं होती, बेल्जियम आणि नेदरलँड्सना २-२, आणि लक्झेंबर्गला १. पश्चिम जर्मनीची लोकसंख्या पाच कोटींच्या वर, लक्झेंबर्गची तीन लाखांच्या आसपास. लोकसंख्येच्या हिशेबाने हा शुद्ध अन्याय आहे, आणि या अन्यायावरच संघ उभा राहिला. थोरल्यांनी आपल्या वजनापेक्षा कमी मत घेतलं म्हणून धाकटे आत आले.

याच्या उलट घडलेली गोष्ट म्हणजे जर्मन राज्यांचा सीमाशुल्क संघ. १ जानेवारी १८३४ पासून तो अमलात आला. प्रशिया त्यातलं बलाढ्य राज्य. जकातीचं उत्पन्न लोकसंख्येच्या प्रमाणात वाटायचं ठरलं आणि छोट्या राज्यांची चंगळ झाली. स्वतःच्या नाक्यांवर जेवढं मिळत होतं त्याहून जास्त पैसा, तोही वसुलीची कटकट न करता. सर्वसाधारण परिषदेत प्रत्येकाला नकाराधिकारही होता. वरकरणी पाहिलं तर प्रशियाने आपले हात चांगलेच बांधून घेतले होते. १८६६ मध्ये प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांचं युद्ध जुंपलं तेव्हा संघातली बरीच सदस्य राज्यं ऑस्ट्रियाच्या बाजूने प्रशियाशी लढली, आणि तेवढ्यात जकातवसुली आपली चालूच होती! रणांगणावर एकमेकांच्या सैनिकांना मारायचं आणि उत्पन्नाचा वाटा मात्र एकाच थैलीतून घ्यायचा. आर्थिक हितसंबंध जुळले की युद्धं थांबतात म्हणणाऱ्यांनी हे वर्ष लक्षात ठेवावं. प्रशिया जिंकला. दुसऱ्या वर्षी जकातीचे नियम त्याच्या सोयीने नव्याने लिहिले गेले, छोट्यांचे नकाराधिकार गेले, आणि १८७१ मध्ये साम्राज्य झालं. गाठ होती, पण ती सोडायची की ठेवायची हे प्रशियाच ठरवत होता.

म्हणून माझ्या मते युरोपच्या कहाणीतलं सगळ्यात मोठं वळण शिखर परिषदांत आलंच नाही. ते आलं लक्झेंबर्गमध्ये बसणाऱ्या समुदायाच्या सामायिक न्यायालयात, गोंद बनवायच्या रसायनावरून. एका डच वाहतूक कंपनीने १९६० मध्ये पश्चिम जर्मनीतून युरिया-फॉर्मल्डिहाइड आणलं. नेदरलँड्सच्या सरकारने वर्गवारी बदलून त्यावर ३ टक्क्यांऐवजी ८ टक्के शुल्क लावलं. आर्थिक समुदाय ज्याने उभा राहिला त्या रोमच्या करारात तर सदस्यांनी आपसातलं शुल्क वाढवायचं नाही असं लिहिलेलं. कंपनी भांडायला गेली. सरकारचं म्हणणं, करार देशांमधला आहे, एखाद्या कंपनीने त्यावर बोट ठेवून आम्हाला जाब विचारायचा प्रश्नच येत नाही. ५ फेब्रुवारी १९६३ च्या निकालात न्यायालय म्हणालं, येतो. हा करार नागरिकांनाही हक्क देतो आणि ते हक्क त्यांना आपल्याच देशाच्या न्यायालयात मागता येतात. मिलानमधल्या एका वकिलाने विजेचं बिल भरायला नकार दिला. दोन हजार लिऱ्यांच्याही आतलं बिल. वीज कंपन्यांच्या राष्ट्रीयीकरणाला त्याचा विरोध होता. त्या खटल्यात न्यायालयाने दुसऱ्या वर्षी ठरवलं की राष्ट्रीय कायदा आणि सामायिक कायदा यांची टक्कर झाली तर सामायिक कायदा वरचढ.

रक्कम किरकोळ, पक्षकार किरकोळ, आणि परिणाम असा की कुठलंही सरकार आता मनाला येईल तेव्हा गाठ सोडू शकत नव्हतं. गाठ कुठल्याही आयातदाराच्या, कुठल्याही जिल्हा न्यायाधीशाच्या हातात गेली होती. जनतेला हे विचारून केलं का? नाही. त्याची किंमत पुढे मोजावी लागली, तिकडे येतोच.

न्यायालय आणि समुदायाचा रोजचा कारभार पाहणारा आयोग यांचा उपयोग १९६५ मध्ये लगेच दिसला. शेतीच्या पैशावरून आणि बहुमताने निर्णय घेण्यावरून फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनी फ्रान्सचे मंत्री ३० जूनपासून बैठकांना पाठवायचं बंद केलं. खुर्ची सुमारे सात महिने रिकामी. जानेवारी १९६६ मध्ये तडजोड झाली, तीही फ्रान्सच्या बाजूने झुकलेली: देशाचं महत्त्वाचं हित असेल तिथे एकमत होईपर्यंत चर्चा. त्या तडजोडीने पुढची जवळजवळ वीस वर्षं गाडं संथ केलं. पण मोडलं नाही. फ्रान्सचा मंत्री रुसून घरी बसला असतानाही कार्यालयं उघडी होती, न्यायाधीश निकाल देत होते, आणि आपसातलं शुल्क ठरलेल्या मुदतीच्या दीड वर्ष आधीच, १ जुलै १९६८ रोजी, पूर्ण संपलं.

याच्या शेजारी पूर्व आफ्रिका ठेवा. केनिया, युगांडा आणि टांझानिया यांनी १९६७ मध्ये समुदाय केला. त्यांच्याकडे युरोपला त्या वेळी हेवा वाटावा असं बरंच काही आधीपासून होतं: एक रेल्वे, एक विमान कंपनी, टपाल, बंदरं. नुकसानभरपाईचा विचारही केला होता. उद्योग केनियात एकवटत होते, म्हणून इतर दोघांना केनियाच्या पक्क्या मालावर कर लावायची मुभा होती. सामायिक विकास बँकेत भांडवल तिघांचं सारखं, पण कर्जवाटपात टांझानिया आणि युगांडा यांना प्रत्येकी ३८.७५ टक्के आणि केनियाला २२.५ टक्के. इतका विचार करूनही समुदाय दहा वर्षांत कोसळला. कारण सर्वोच्च निर्णय होता तीन राष्ट्राध्यक्षांच्या हाती. १९७१ मध्ये इदी अमीन यांनी युगांडात सत्ता बळकावली आणि टांझानियाचे अध्यक्ष न्येरेरे यांनी त्यांच्याबरोबर एका टेबलाशी बसायला साफ नकार दिला. नैतिकदृष्ट्या त्यांना दोष कोण देईल? पण तिघे बसत नाहीत तोवर काहीच ठरत नाही, अशी रचना असल्यामुळे सगळंच अडलं. १९७७ मध्ये विमान कंपनी बुडाली, केनियाने स्वतःची काढली, टांझानियाने केनियाची सीमा बंद केली. सामायिक मालमत्तेच्या वाटण्या व्हायला १९८४ उजाडलं. द गॉल रुसले तर कारभार चालत राहतो आणि न्येरेरे रुसले तर थांबतो, फरक माणसांतला नव्हता.

वरून खाली बांधलेल्या संघांची कथा तर आणखी थोडक्यात आटोपते. इजिप्त आणि सीरिया फेब्रुवारी १९५८ मध्ये एकदम एक देश झाले. रस्त्यांवर जल्लोष, एक राष्ट्राध्यक्ष, एक झेंडा. इजिप्तचे अध्यक्ष नासेर यांच्या लोकप्रियतेबद्दल कुणाला शंका नव्हती. पण दमास्कसचे निर्णय कैरोत होऊ लागले, सीरियातले राजकीय पक्ष गुंडाळावे लागले, १९६१ च्या उन्हाळ्यात राष्ट्रीयीकरणाचे हुकूम आले, आणि त्याच सप्टेंबरात सीरियन लष्करी अधिकाऱ्यांनी उठाव करून फारकत घेतली. साडेतीन वर्षं. आखाती देशांनी सामायिक चलनाची तयारी केली तेव्हा मध्यवर्ती बँकेचं ठिकाण रियाध ठरलं, आणि मे २००९ मध्ये संयुक्त अरब अमिरातीने अंग काढून घेतलं. बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल, इमारत कुठे आहे यावरून कसला रुसवा. पण सगळ्यात मोठ्या देशाच्या राजधानीत सगळ्यांच्या पैशाची किल्ली ठेवायची, हे धाकट्यांना कसं वाटतं ते धाकट्यांनाच विचारावं.

युरेशियन आर्थिक संघाचं उदाहरण मला जास्त शिकवणारं वाटतं, कारण कागदावर तिथे सगळं यथासांग आहे. १ जानेवारी २०१५ पासून तो अस्तित्वात आहे. रशिया, बेलारूस, कझाकस्तान, आर्मेनिया आणि किर्गिझस्तान. आयोग आहे, न्यायालय आहे, आयोगात प्रत्येक देशाचे सारखे प्रतिनिधी आहेत. आणि एकूण उत्पन्नात रशियाचा वाटा चार-पंचमांशाहून जास्त. ऑगस्ट २०१४ मध्ये, म्हणजे सीमाशुल्क संघ आधीच चालू असताना, रशियाने पाश्चात्त्य खाद्यपदार्थांवर बंदी घातली. भागीदारांना विचारलं नाही. त्यांनी बंदीत सामील व्हायला नकार दिला. मग समुद्रकिनारा नसलेल्या बेलारूसमधून मासळी आणि कोळंबी रशियात यायला लागली आणि 'बेलारूसची कोळंबी' हा रशियनांच्या चेष्टेचा विषय झाला. काही महिन्यांत जिथे तपासणी नसायची त्या सीमेवर पुन्हा तपासनीस उभे राहिले. नियम मोडणाऱ्याला कुणी जाब विचारला नाही, कारण विचारणार कोण? संस्था उभ्या करणं सोपं आहे. बलाढ्य सदस्याविरुद्ध निकाल देऊन तो पाळला जातो का, ही कसोटी.

दक्षिण आशियातलं 'सार्क' डिसेंबर १९८५ मध्ये ढाक्यात स्थापन झालं. निर्णय एकमताने घ्यायचे आणि द्विपक्षीय, वादग्रस्त विषय काढायचेच नाहीत, असं त्याच्या सनदेतच लिहिलं आहे. म्हणजे ज्या भांडणामुळे एकत्र येणं अडतं ते भांडण दाराबाहेर ठेवून आत बसायचं. नोव्हेंबर २०१४ च्या काठमांडूनंतर शिखर परिषद झालेली नाही. भारत एकटा बाकीच्या सगळ्यांहून मोठा, त्यामुळे धाकट्यांची धास्ती जशी समजण्यासारखी, तशी सगळे धाकटे मिळून आपल्याला घेरतील ही थोरल्याची शंकाही. दोन्ही शंका चाळीस वर्षांत तसूभर हललेल्या नाहीत.

आग्नेय आशियाने तिसरा मार्ग धरला. १९६३ ते १९६६ या काळात इंडोनेशिया नव्या मलेशियाशी सशस्त्र झटापटी करत होता. ऑगस्ट १९६७ मध्ये तोच इंडोनेशिया मलेशियाबरोबर 'आसियान'मध्ये बसला आणि त्याने बरीच वर्षं दादागिरी आवरती घेतली. त्यातून शांतता मिळाली, व्यापार मिळाला. संघ मात्र झाला नाही आणि त्यांना तो हवाही नव्हता, कारण इंडोनेशियाने हात आखडते घेतले ते स्वखुशीने, कुणाच्या निकालाने नव्हेत. यात कमीपणा काही नाही. प्रत्येक गटाने ब्रसेल्सच गाठलं पाहिजे असा काही दंडक नाही.

युरोपात पुढचं काम कसं झालं ते एकदा जवळून बघण्यासारखं आहे. फेब्रुवारी १९८४ मध्ये इटालियन सीमाशुल्क कर्मचाऱ्यांनी काम मंदावलं आणि आल्प्समधल्या घाटांत मालमोटारींच्या रांगा लागल्या. बर्फात दिवसचे दिवस अडकून पडलेल्या फ्रेंच चालकांनी वैतागून रस्तेच रोखून धरले. जुलैमध्ये फ्रान्स आणि जर्मनीने आपसातली तपासणी कमी करायचा करार केला, आणि १४ जून १९८५ रोजी पाच देशांनी लक्झेंबर्गमधल्या शेंगेन गावाजवळ मोझेल नदीतल्या बोटीवर सह्या केल्या. त्या करारात एक कलम आहे: मोटारचालकाला समोरच्या काचेवर निदान आठ सेंटिमीटर व्यासाची हिरवी चकती लावता येईल. आपल्याकडे परवानगीपेक्षा जास्त माल नाही आणि नियम पाळलेले आहेत, एवढंच ती सांगणार. मग नाक्यावर गाडी थांबवायची गरज नाही, वेग कमी करायचा, रक्षकाने नुसती नजर टाकायची. पासपोर्ट, चौकशी, डिकी उघडणं, सहसा काही नाही. सीमा काढून टाकायच्या आधी त्यांनी सीमेवर विश्वास ठेवायची तालीम केली. नाके प्रत्यक्षात उठायला मार्च १९९५ लागला. दहा वर्षं, तीसुद्धा आधीच एकमेकांना ओळखणाऱ्या देशांना.

इथवर मी या पद्धतीचं कौतुक केलं. आता तिच्यातलं वैगुण्य. आर्थिक बाबींच्या मागच्या दाराने राजकीय संघ आणायचा आणि लोकांना ते समोर ठाकल्यावरच कळावं, या चलाखीला मर्यादा आहे. युरोपीय संघ आणि एक चलन आणणाऱ्या १९९२ च्या मास्ट्रिख्ट कराराला डेन्मार्कने ५०.७ टक्के मतांनी नकार दिला; काही सवलती देऊन पुढच्या वर्षी पुन्हा विचारलं. फ्रान्समध्ये तोच करार ५१ टक्क्यांवर कसाबसा तरला. २००५ मध्ये युरोपच्या राज्यघटनेचा मसुदा आधी फ्रान्सने, मग तीन दिवसांनी नेदरलँड्सने फेटाळला. त्यातला बराचसा ऐवज लिस्बन करारात घालून पुन्हा आणला. आयर्लंडने २००८ मध्ये नाही म्हटलं, २००९ मध्ये पुन्हा मतदान, आणि मग हो. हवं ते उत्तर येईपर्यंत प्रश्न विचारत राहायचा, असं लोकांना वाटलं तर त्यांचं काय चुकलं?

आणि युरोच्या बाबतीत तर थोरल्यांनी स्वतःच गाठ सैल केली. तूट उत्पन्नाच्या ३ टक्क्यांच्या आत, कर्ज ६० टक्क्यांच्या आत, हा नियम जर्मनीने हट्टाने घालून घेतला होता. २००२ मध्ये पोर्तुगालची तूट वर गेल्याचं दिसलं तेव्हा त्याला कारवाईला सामोरं जावं लागलं आणि त्याने पोटाला चिमटा काढून हिशेब जुळवला. नोव्हेंबर २००३ मध्ये तीच वेळ जर्मनी आणि फ्रान्सवर आली, आणि अर्थमंत्र्यांनी कारवाईच थांबवून ठेवली. आयोग न्यायालयात गेला, न्यायालयाने मंत्र्यांचा निर्णय रद्दही केला, पण दंड कुणाला झाला नाही आणि २००५ मध्ये नियमच मऊ करण्यात आले. बळी तो कान पिळी. २००९ च्या अखेरीस ग्रीसचे हिशेब उघडे पडले तेव्हा मात्र शिस्तीची भाषा सगळ्यांना आठवली. ग्रीसचा खोटेपणा झाकायचं कारण नाही. आकडे त्यांनी फिरवले होते. पण पुढच्या काही वर्षांत त्या देशाचं उत्पन्न सुमारे चतुर्थांशाने घटलं, २०१३ मध्ये बेरोजगारी २७ टक्क्यांच्या वर गेली, आणि जुलै २०१५ मध्ये ६१ टक्के लोकांनी अटी नाकारूनही काही दिवसांत त्याच धर्तीच्या अटी सरकारला घ्याव्या लागल्या. चलन एक, तिजोऱ्या वेगळ्या, आणि नियम धाकट्यांपुरते, हे समीकरण कुणालाही झेपणारं नव्हतं.

२०२० मध्ये साथीच्या संकटात ते थोडं सुधारलं. ७५० अब्ज युरोंचं कर्ज सगळ्यांनी मिळून काढायचं आणि त्यातले ३९० अब्ज परत न करायच्या अनुदानाच्या रूपात वाटायचे, याला जर्मनी तयार झाला. दहा वर्षांपूर्वी हा विषय काढणाऱ्याला बर्लिनमध्ये कुणी दारात उभं केलं नसतं. जर्मनीच्या लक्षात आलं असावं की इटली बुडाला तर आपल्या गाड्या घेणार कोण. स्वार्थ असेना का. १९५१ मध्येही स्वार्थच होता.

सार्वभौमत्व जातं, हा आक्षेप नेहमीचा आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. ज्यांना हे ओझं नको असेल त्यांना बाहेर राहायची, बाहेर पडायची वाट खरोखर हवी. नॉर्वेने १९७२ आणि १९९४ मध्ये दोनदा सार्वमत घेऊन संघ नाकारला. तरी बाजारपेठ हवी म्हणून तो त्या बाजारपेठेचे नियम स्वीकारतो आणि पैसेही देतो, मात्र नियम ठरवणाऱ्या मतदानात त्याला मत नाही. हा सौदा त्यांनी डोळे उघडे ठेवून केला आहे. ब्रिटनने २०१६ मध्ये ५१.९ टक्के मतांनी बाहेर पडायचं ठरवलं आणि मग ब्रिटनमधला उत्तर आयर्लंड आणि संघात राहिलेला आयर्लंड यांच्या सीमेवर गाडी रुतली. तिथे दोनशेहून अधिक ठिकाणी रस्ते सीमा ओलांडतात. १९९८ च्या शांतता करारानंतर ती सीमा जवळजवळ अदृश्य झाली होती. ती पुन्हा दिसू नये म्हणून अखेर तपासणी समुद्रात, ब्रिटनच्याच दोन भागांमध्ये आणावी लागली. या वाटाघाटींत जेमतेम पन्नास लाख वस्तीच्या आयर्लंडच्या पाठीशी बाकीचे २६ देश उभे राहिले. इतिहासात ब्रिटन आणि आयर्लंड यांच्या वादात असं पूर्वी कधी झालं होतं? धाकट्याला संघात काय मिळतं, हे मला तरी याहून चांगलं दाखवता येणार नाही.

पूर्व आफ्रिकेने १९९९ मध्ये दुसऱ्यांदा करार केला. २००५ पासून सीमाशुल्क संघ, २०१० पासून सामायिक बाजारपेठ, आणि आता सोमालियापर्यंत आठ सदस्य. या खेपेला टांझानियातल्या आरुशात न्यायालयही बसवलं. नोव्हेंबर २००६ मध्ये त्या न्यायालयाने सामायिक विधानसभेतल्या केनियाच्या सदस्यांचा शपथविधी रोखला, कारण त्यांची निवड करारात सांगितल्याप्रमाणे झाली नव्हती. पुढच्याच महिन्यात तिन्ही राष्ट्राध्यक्षांनी करार दुरुस्त केला. न्यायाधीशांना निलंबित करायची, काढायची नवी कारणं घातली, तक्रार करायला नागरिकांना दोन महिन्यांची मुदत घातली. आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या देशांच्या विकास समुदायाच्या न्यायाधिकरणाची गत तर याहून वाईट झाली. झिम्बाब्वेतल्या जमीनजप्तीविरुद्ध २००८ मध्ये निकाल दिला म्हणून २०१० मध्ये त्याचं कामच थांबवलं आणि नंतर सामान्य नागरिकांना त्याचं दार बंद केलं. पूर्व आफ्रिकेच्या सामायिक चलनासाठी २०२४ ची मुदत ठरली होती, ती उलटून गेली. पुढच्या तारखांवर बैठका होत राहतील, चलनाला नाव काय द्यावं यावर चर्चाही होईल. त्याआधी २००६ च्या त्या दुरुस्त्या मागे घ्यायला केनिया तयार आहे का, एवढं कुणीतरी विचारावं.